वटवाघळासारखा ऐकणारा रोबो बांधताना: आधी काय, नंतर काय

प्रतिध्वनीवर चालणारा रोबो बांधणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक शेवटच्या टप्प्यावरचे असतात. रोबो भिंतीकडे सरळ जातो आणि थडकतो. झुडूप कुठले आणि खांब कुठला, हे त्याला कळत नाही. जागेवर उभा असतानाही अंतराचा आकडा दहा-पंधरा सेंटिमीटरने नाचतो. मग अल्गोरिदम बदलला जातो, न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) मोठे केले जाते, आणि आठवडे निघून जातात. दोष मात्र बहुधा अगदी सुरुवातीच्या कामात असतो: उत्सर्जक (ध्वनी पाठवणारा भाग) चुकीचा निवडलेला, घड्याळे न जुळवलेली, मोटरचा आवाज नोंदीत मिसळलेला.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. चाके सर्वांत शेवटी येतात. त्याआधी टेबलावर, न हलणाऱ्या एका वस्तूचा, डोळे झाकून विश्वास ठेवता येईल असा प्रतिध्वनी मिळवायचा. पुढचे वर्णन एक तोंड (उत्सर्जक) आणि दोन कान (मायक्रोफोन) असलेल्या, जमिनीवर चालणाऱ्या रोबोचे आहे. ड्रोन करणाऱ्यांनाही, तिसऱ्या टप्प्यातला हाकेचा आकार सोडला तर, पहिले सहा टप्पे तसेच लागू पडतात. पाठवलेल्या ध्वनीला मी सोयीसाठी ‘हाक’ म्हणणार आहे.

## तयारी: कागदावरचे चार आकडे

काहीही विकत घेण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: सर्वांत दूरची वस्तू किती अंतरावर ओळखायची, सर्वांत जवळची किती, एकामागे एक असलेल्या दोन वस्तू किती अंतराने वेगळ्या दिसायला हव्यात, आणि रोबोचा वेग किती. बाकीची सगळी निवड या चार आकड्यांतून निघते.

२० अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. एका सेंटिमीटरवर जाऊन परत यायला ध्वनीला ५८ मायक्रोसेकंद लागतात. पाच मीटरवरचा प्रतिध्वनी २९ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे प्रत्येक हाकेनंतर किमान ३० मिलिसेकंद ऐकत राहावे लागेल. दोन मिलिसेकंदांची हाक असेल तर ३४ सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूचा प्रतिध्वनी हाक संपायच्या आतच येऊन तिच्यात मिसळतो. जवळचे ऐकायचे असेल तर हाक आखूड हवी. भक्ष्याजवळ पोचताना वटवाघळेही हाका आखूड करत जातात, त्याचे एक कारण हेच.

दोन वस्तू वेगळ्या दिसण्याची मर्यादा हाकेच्या लांबीवर ठरत नाही. ती हाकेत किती रुंद वारंवारता-पट्टा (सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या वारंवारतेतला फरक) वापरला यावर ठरते. ध्वनीचा वेग भागिले पट्ट्याची दुप्पट, असा हिशेब. पट्टा २ किलोहर्ट्झ असेल तर मर्यादा साडेआठ सेंटिमीटर. ५० किलोहर्ट्झ असेल तर साडेतीन मिलिमीटर. हा फरक मनात पक्का ठेवा, पुढचा टप्पा यावरच उभा आहे.

## टप्पा १: उत्सर्जक आणि मायक्रोफोन निवडा

सर्वांत जास्त प्रकल्प इथेच फसतात. एचसी-एसआर०४ सारखे तयार मॉड्यूल हाताशी असते, म्हणून त्यानेच सुरुवात होते. ते ४० किलोहर्ट्झचे आठ आवर्तनांचे स्पंदन पाठवते आणि ठरावीक पातळी ओलांडणाऱ्या पहिल्या प्रतिध्वनीची वेळ सांगते. तरंगाचा आकार तुमच्या हाती येतच नाही. दुसरा, तिसरा प्रतिध्वनी नाही, त्यांची तीव्रता नाही, वर्णपट (कुठली वारंवारता किती जोरात) नाही. वटवाघळाचे सारे कौशल्य ज्या माहितीवर उभे आहे, नेमकी तीच गाळलेली. अंतर मोजायला हे मॉड्यूल ठीक आहे. या संशोधनाला नाही.

मॉड्यूल सोडून नुसता ४० किलोहर्ट्झचा पिझो ट्रान्सड्यूसर (विजेचे ध्वनीत रूपांतर करणारी चकती) घेतला तरी अडचण उरते. तो त्याच्या अनुनादाच्या (ज्या वारंवारतेला तो सर्वांत जोरात कंपतो तिच्या) आसपास एक-दोन किलोहर्ट्झमध्येच जोरात वाजतो आणि हाक थांबल्यावरही काही काळ कंपत राहतो. त्याला १०० पासून ३० किलोहर्ट्झपर्यंत घसरणारा स्वर दिला, तरी बाहेर पडते ती ४० ची शिट्टीच. रुंद पट्ट्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक ट्रान्सड्यूसर किंवा त्या पट्ट्यात मोजून पाहिलेला पिझो ट्वीटर लागतो. ऐकण्यासाठी ॲनालॉग मेम्स (सिलिकॉन चिपवर बनवलेला) मायक्रोफोन उत्तम. लहान, स्वस्त, आणि त्यांपैकी काही ८० किलोहर्ट्झपर्यंत उपयोगी प्रतिसाद देतात. मात्र साध्या भाषणासाठी बनवलेला डिजिटल मायक्रोफोन चालणार नाही. वरचा पट्टा तो आतच गाळून टाकतो.

वारंवारता जितकी जास्त, तितका हवा ध्वनी गिळते. ४० किलोहर्ट्झला मीटरमागे साधारण सव्वा डेसिबल, १०० ला तीनच्या आसपास, आणि हे जाताना एकदा, येताना पुन्हा एकदा. पाच मीटर गाठायचे असतील तर ८० ते ३० किलोहर्ट्झ हा पट्टा समंजस आहे.

सावधान: इलेक्ट्रोस्टॅटिक ट्रान्सड्यूसरला शंभर ते दोनशे व्होल्टच्या आसपास स्थिर विद्युतदाब द्यावा लागतो. सर्किट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. हात लावण्याआधी तो रिकामा करा आणि मीटरने खात्री करून घ्या.

सावधान: हा ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याची पातळी मोठी असू शकते. उत्सर्जकासमोर कान नेऊ नका. कुत्र्यामांजरांना या पट्ट्यातला खालचा भाग ऐकू येतो, त्यांना खोलीबाहेर ठेवा. खऱ्या वटवाघळांच्या वस्तीजवळ चाचणी करू नका.

## टप्पा २: एकच घड्याळ

माझे जवळपास तीन आठवडे या एका गोष्टीत गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हाक एका उपकरणातून पाठवली जात होती, नोंद दुसऱ्या उपकरणात होत होती, आणि दोन्ही एकाच संगणकाला यूएसबीने जोडलेली. आकडे दर वेळी वेगळे. मी फिल्टर बदलले, मायक्रोफोन बदलले, टेबल बदलले. खरे कारण असे, की ‘पाठव’ ही आज्ञा आणि प्रत्यक्ष ध्वनी यांच्यातला वेळ दर वेळी बदलत होता. संगणकाची कार्यप्रणाली मध्येच दुसऱ्या कामाला लागते आणि एका मिलिसेकंदाचा उशीर होतो. एक मिलिसेकंद म्हणजे सतरा सेंटिमीटर!

उपाय दोन आहेत, आणि शक्य असेल तर दोन्ही करा. पहिला: हाक तयार करणारा डीएसी (आकड्यांचा विद्युत सिग्नल करणारा) आणि नोंद घेणारा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा) एकाच मायक्रोकंट्रोलरवर, एकाच टायमरवर चालवा, आणि नमुने (ठरावीक वेळाने मोजलेले सिग्नलचे आकडे) डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट मेमरीत जाऊ द्या. प्रोसेसरला मध्ये येऊ देऊ नका. दुसरा: उत्सर्जकाला जाणारा सिग्नल, विद्युतदाब कमी करून, नोंदीच्या एका जादा चॅनेलला जोडा. मग प्रत्येक नोंदीतच हाकेची खरी सुरुवात दिसते आणि उशीर कितीही झाला तरी तो वजा करता येतो.

सॅम्पलिंगचा वेग किमान सेकंदाला अडीच लाख नमुने ठेवा. नमुन्यांचा वेग सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून जास्त हवा, या नियमानुसार ८० किलोहर्ट्झसाठी १ लाख ६० हजारांच्या थोडे वर पुरते, पण एडीसीआधीचा फिल्टर कधीच आदर्श नसतो आणि उतरणीला जागा लागते. या वेगाने दोन कानांची, १६ बिटांची, ३० मिलिसेकंदांची एक नोंद ३० हजार बाइटची होते. साध्या मायक्रोकंट्रोलरलाही ती पेलते. दोन्ही कानांचे नमुने एकाच क्षणी घेतले जातात ना, हेही पाहा. अनेक स्वस्त एडीसी एकामागून एक चॅनेल वाचतात. त्या मधल्या वेळामुळे पुढे दिशा कायमची एका बाजूला सरकते, आणि तेव्हा दोष कानांच्या आकारात शोधला जातो.

तपासा: उत्सर्जक न जोडता, सिग्नल तारेने थेट दोन्ही कानांच्या चॅनेलना द्या आणि शंभर नोंदी घ्या. शंभरही नोंदींत सुरुवात एकाच नमुन्यावर यायला हवी, आणि दोन कानांत शून्य फरक हवा. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: हाक घडवा

८० वरून ३० किलोहर्ट्झवर उतरणारा, एक ते दोन मिलिसेकंदांचा स्वर घ्या. त्याची सुरुवात आणि शेवट हळुवार हवेत. एकदम सुरू होऊन एकदम तुटणारी हाक उत्सर्जकातून ‘टक’ असा आवाज काढते, आणि नंतर प्रक्रियेत (टप्पा ६) प्रतिध्वनीची जागा दाखवणाऱ्या खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना खोटी शिखरे उभी राहतात.

रोबो वेगाने जात असेल तर डॉप्लरचा, म्हणजे हालचालीमुळे वारंवारता बदलण्याचा, प्रश्न येतो. चाकांचा रोबो सेकंदाला एक मीटर गेला, तरी अशा हाकेत त्यामुळे होणारी अंतराची चूक दोन-तीन मिलिमीटरची आहे. तिच्यावर वेळ घालवू नका. वेगवान ड्रोनसाठी मात्र सरळ रेषेत उतरणाऱ्या स्वराऐवजी, ज्यात आवर्तनकाल एकसारख्या गतीने वाढत जातो असा स्वर घ्या. त्याला अतिपरवलयी चर्प म्हणतात. वेग बदलला तरी त्याचे शिखर विस्कटत नाही, आणि अनेक वटवाघळांच्या हाकांचा आकार त्याच्याशी मिळताजुळता असतो.

हाक तयार झाली की ती एकदा प्रत्यक्ष नोंदवून ठेवा: मायक्रोफोन उत्सर्जकासमोर अर्ध्या मीटरवर, आजूबाजूला काही नाही. संगणकात लिहिलेली हाक आणि हवेत गेलेली हाक यांत मोठा फरक असतो. पुढे तुलनेसाठी ही नोंदवलेली हाकच लागणार आहे.

## टप्पा ४: डोके आणि कान

उत्सर्जक मध्ये, कान दोन्ही बाजूंना, कानांत १० सेंटिमीटर अंतर. उत्सर्जक फोम किंवा मऊ सिलिकॉनच्या कड्यात बसवा. एकाच कडक पट्टीवर स्क्रूने तिन्ही घट्ट केले, तर हाक पट्टीतून थेट मायक्रोफोनमध्ये शिरते, अँप्लिफायर कोंडतो आणि सावरेपर्यंत जवळचे प्रतिध्वनी निघून गेलेले असतात.

बाह्यकर्ण (मायक्रोफोनभोवती बसवायच्या कानाच्या पाळ्या) थ्रीडी प्रिंटरवर करता येतात. कानाचे तोंड सर्वांत लांब तरंगापेक्षा मोठे हवे. ३० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेअकरा मिलिमीटर आहे, तेव्हा दोन-तीन सेंटिमीटरचा कान करा. पण पहिल्या फेरीत बाह्यकर्ण बसवूच नका. नुसते मायक्रोफोन ठेवून सातवा टप्पा पूर्ण करा, मग कान लावा आणि फरक मोजा. सुरुवातीलाच कान लावले तर कशाचा परिणाम कुठला, हे कधीच उलगडत नाही.

हलणारे कान फार मोहात पाडतात. व्हर्जिनिया टेकमधल्या रॉल्फ म्युलर यांच्या गटाने नालनाक वटवाघळांवरून मऊ, वेगाने हलणारा कृत्रिम कान बनवला, आणि त्या हालचालीने उमटणाऱ्या डॉप्लर खुणांवरून एकाच कानाने ध्वनीची दिशा सांगता येते हे २०२१ मध्ये दाखवले. हे काम जरूर अभ्यासा, पण तुमच्या पहिल्या वर्षाचा प्रकल्प म्हणून ते घेऊ नका. न हलणाऱ्या कानाचे मोजमाप हाती असल्याशिवाय हलणाऱ्या कानाचा अर्थ लावता येत नाही.

## टप्पा ५: टेबलावरची चाचणी

लक्ष्य म्हणून सपाट पुठ्ठा घेऊ नका. गुळगुळीत सपाट पृष्ठभाग ध्वनीसाठी आरसा असतो. तो काही अंशांनी वळला तरी प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि तुम्हाला वाटते यंत्र बिघडले. बारीक दोऱ्याने टांगलेला कडक गोळा घ्या, पाच सेंटिमीटर व्यासाचा. तो कसाही फिरला तरी प्रतिध्वनी तोच. टेबलावर फोम अंथरा, नाहीतर टेबलावरून उसळून येणारा ध्वनी गोळ्याच्या प्रतिध्वनीला चिकटून येईल.

गोळा अर्ध्या मीटरपासून तीन मीटरपर्यंत, दर पंचवीस सेंटिमीटरवर ठेवा. अंतर गोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत मोजा, मध्यापर्यंत नाही. प्रत्येक जागी वीस नोंदी. मग अंतर आणि वेळ यांचा आलेख काढून सरळ रेषा बसवा. तिच्या चढावरून ध्वनीचा वेग मिळतो. ती शून्याजवळ जिथे अक्षाला छेदते, तिथून तुमच्या डोक्याचा खरा आरंभबिंदू कळतो. तो उत्सर्जकाच्या जाळीवर नसतो, थोडा आत किंवा बाहेर असतो, आणि पट्टीने मोजून कळत नाही.

तपासा: खोलीत थर्मामीटर ठेवा. हवेतला ध्वनीचा वेग साधारण ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान असा काढता येतो. २५ अंशांना तो ३४६.५ येतो. आलेखावरचा वेग याच्याशी जुळला नाही तर सॅम्पलिंगचे घड्याळ किंवा मोजपट्टी, दोहोंपैकी एक चुकते आहे. तापमानाचा सेन्सर रोबोवरही कायम ठेवा. दहा अंशांच्या फरकाने पाच मीटरवर नऊ सेंटिमीटरची चूक होते.

## टप्पा ६: नोंदीतून प्रतिध्वनी काढणे

क्रम असा:

1. पट्ट्याबाहेरचा आवाज गाळा, म्हणजे ८० ते ३० किलोहर्ट्झच्या बाहेरचे सगळे.
2. तिसऱ्या टप्प्यात नोंदवलेल्या हाकेशी क्रॉस-कोरिलेशन करा, म्हणजे ती हाक नोंदीवरून सरकवत नेऊन कुठे किती जुळते ते काढा. हाच मॅच्ड फिल्टर.
3. आलेल्या उत्तराची बाह्यरेषा काढा, हिल्बर्ट रूपांतर ही गणिती रीत वापरून.
4. अंतरानुसार वाढती भरपाई द्या.
5. आता शिखरे शोधा.

चौथी पायरी पाचवीच्या आधी येते हे विसरले जाते. लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी १२ डेसिबलने घटतो, शिवाय हवेचे शोषण वेगळे. सगळीकडे एकच उंबरठा ठेवला तर जवळचा धुरळा वस्तू म्हणून मोजला जातो आणि दूरचा खांब गायब होतो. मात्र भरपाईने दूरचा गोंगाटही फुगतो, म्हणून उंबरठा त्या गोंगाटाच्या पातळीवरून ठरवा, मनाने नाही.

सावधान: ‘वस्तू नसतानाची नोंद वजा करणे’ ही युक्ती फक्त टेबलावर चालते. रोबो बोटभर हलला किंवा हवा दोन अंश तापली, की वजाबाकीतूनच खोटे प्रतिध्वनी जन्मतात.

## टप्पा ७: दिशा

दहा सेंटिमीटरवरच्या दोन कानांत ध्वनी पोचण्याचा फरक जास्तीत जास्त २९० मायक्रोसेकंदांच्या आसपास असू शकतो. डावीकडचे एक शिखर आणि उजवीकडचे एक शिखर यांची जोडी लावताना त्याहून मोठा फरक दिसला, तर ती जोडी खोटी. हा एक नियम लिहिला नाही म्हणून कितीतरी नकाशांत नसलेल्या वस्तू उगवतात. चार मायक्रोसेकंदांच्या एका नमुन्याने समोरच्या दिशेत सुमारे पाऊण अंशाचा फरक पडतो. शिखराभोवती परवलय बसवून त्याहूनही बारीक मोजता येते.

एकाच स्वराच्या ४० किलोहर्ट्झ हाकेवर हे जमत नाही. कानांतले अंतर तरंगलांबीच्या कितीतरी पट असल्याने कुठले आवर्तन कुठल्याशी जुळवायचे हेच ठरत नाही. रुंद पट्टा इथे दुसऱ्यांदा कामी येतो.

वर-खाली ओळखणे वेळेच्या फरकाने शक्य नाही, कारण दोन्ही कान एकाच उंचीवर आहेत. ते काम बाह्यकर्ण करतो. ध्वनी ज्या उंचीवरून येतो त्यानुसार वर्णपटात वेगवेगळ्या जागी खाचा पडतात. कान लावल्यावर गोळा अंशाअंशाने वर-खाली नेऊन या खाचांचा तक्ता करा. कंटाळवाणे काम आहे, पण दुसरा रस्ता नाही.

## टप्पा ८: मोटरचा गोंगाट

आता पहिल्यांदा डोके चाकांवर ठेवा, पण चालवू नका. मोटर बंद, मोटर चालू पण चाके अधांतरी, सर्वो (कोन धरून ठेवणारी छोटी मोटर) धरून ठेवलेला, बॅटरीचा कन्व्हर्टर चालू: प्रत्येक स्थितीत हाक न पाठवता दहा सेकंद नोंद घ्या आणि वर्णपट पाहा. मोटरला आवाज येऊ नये म्हणून पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवण्यासाठी वीज वेगाने चालू-बंद करणे) बहुधा २० किलोहर्ट्झला ठेवलेला असतो. त्याचे ४०, ६० आणि ८० हे गुणक थेट तुमच्या पट्ट्यात पडतात. पीडब्ल्यूएम बदला, मायक्रोफोनला वेगळा स्वच्छ वीजपुरवठा द्या, तारा पिळून घ्या. गिअरची घरघर मात्र हवेतून येते, ती तारांनी जात नाही. ड्रोनच्या पात्यांचे तर विचारूच नका. तिथे आडोसा आणि मांडणी यांवर स्वतंत्र काम करावे लागते.

## टप्पा ९: चालवा, पण थांबत थांबत

तेल अवीव विद्यापीठात योसी योव्हेल यांच्या गटाने बांधलेला ‘रोबॅट’ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक उत्सर्जक, दोन कान, आणि हरितगृहातल्या रोपांमधून स्वतः वाट काढत नकाशा करणे. तो थांबून, वेगवेगळ्या दिशांना डोके वळवून हाका देत असे. तुम्हीही असेच सुरू करा. डोके सेकंदाला ९० अंशांनी वळत असताना ऐकले, तर ३० मिलिसेकंदांत ते जवळपास तीन अंश फिरलेले असते. थांबून ऐकले की ही चूक मुळातूनच जाते. जमिनीवरचे नियंत्रण पक्के झाले की मग चालता चालता ऐकण्याकडे वळा.

आधीच्या हाकेचे दूरचे प्रतिध्वनी विरल्याशिवाय पुढची हाक देऊ नका, नाहीतर आठ मीटरवरची भिंत दोन मीटरवर दिसेल. अशी शंका आली तर दोन हाकांमधला वेळ प्रत्येक वेळी थोडा बदलून पाहा. खऱ्या वस्तू जागेवर राहतात, भुते हलतात.

गुळगुळीत भिंतीचा धोका इथे सर्वांत मोठा. तिरकस गेल्यावर ती काहीच परत पाठवत नाही आणि रोबोला मोकळी वाट वाटते. खऱ्या वटवाघळांचीही यातून सुटका नाही. गुळगुळीत उभ्या पत्र्यांना ती मोकळी जागा समजून धडकतात, हे जर्मन संशोधकांनी २०१७ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून ‘प्रतिध्वनी नाही’ म्हणजे ‘वाट आहे’ असे प्रोग्रॅममध्ये कधीही लिहू नका. नकाशात ‘रिकामे’, ‘भरलेले’ आणि ‘माहीत नाही’ अशा तीन खुणा ठेवा, आणि रोबोच्या पुढे स्पर्शाचा बंपर लावा.

## टप्पा १०: ओळख

झुडुपाचा प्रतिध्वनी म्हणजे शेकडो पानांवरून आलेल्या लहान प्रतिध्वनींचा गुंता. पान हलले की तो बदलतो. त्यातून आकृती काढायला जाऊ नका, गुंत्याची लांबी, खडबडीतपणा आणि वर्णपट पाहा. नुसती जागा ओळखायची असेल तर वस्तू सुट्या करायचीही गरज नसते. अँटवर्प विद्यापीठातल्या स्टेकेल आणि पेरेमान्स यांनी २०१३ मध्ये मांडलेली ‘बॅटस्लॅम’ पद्धत त्या त्या ठिकाणच्या प्रतिध्वनीच्या एकूण ठशावरूनच नकाशा जुळवते.

ओळखीसाठी न्यूरल नेटवर्क शिकवताना हमखास होणारी चूक: सगळ्या नोंदी एकत्र करून त्यांतल्या काही चाचणीसाठी बाजूला काढणे. एकाच झुडुपासमोर घेतलेल्या शंभर नोंदी जवळजवळ सारख्याच असतात. ऐंशी शिकवल्या आणि वीस तपासल्या, तर अचूकता डोळे दिपवणारी येते आणि नव्या जागी रोबो गोंधळतो. वाटणी नोंदींची नको, ठिकाणांची करा: काही झुडपे, काही भिंती नेटवर्कला कधीच दाखवू नका. झुडपे सकाळी आणि भिंती दुपारी, अशीही नोंद घेऊ नका. नेटवर्क झुडुपाऐवजी तापमान आणि आसपासचा गोंगाट शिकून बसते.

तपासा: प्रतिध्वनीचा भाग कापून, फक्त मागचा शांत तुकडा नेटवर्कला द्या. तरीही ते झुडूप आणि भिंत बरोबर सांगत असेल, तर त्या नोंदी टाकून द्या आणि नव्याने घ्या.